लुटायचं सोनं

माझी मुलगी दागिने करते. सोनाराकडून घडवून घेत नाही, स्वतःच्या हातानं करते. लाकडी मणी, जुन्या सदऱ्यांची बटणं, तांब्याची तार, शिंप्याकडच्या चिंध्या, कागदाचा लगदा, तिला काहीही चालतं. तिच्या टेबलाकडे पाहिलं की एखाद्या लहान मुलाचा खिसा कुणी तिथं उलटा केलाय असं वाटतं. मागच्या हिवाळ्यात तिनं मला विचारलं, "अम्मी, तुझ्या लहानपणीचे दागिने कसे होते गं? मला त्यावरून एक माळ करायची आहे. नानीचं काही असेल तर काढ ना."

मी कपाट उघडलं नाही. दाखवण्यासारखं त्यात काही नव्हतं. माझ्या आईची चांदीची हसली आणि पायातले तोडे मी शाळेत असतानाच गहाण पडले आणि परत आले नाहीत. सोनं तर आमच्या घरात कधी नव्हतंच. मुलीला मी म्हटलं, "बस इथं. दाखवायला काही नाही, पण सांगायला आहे." तिला सांगितलेलं तेच आज तुम्हालाही सांगते.

माझे नाना मण्यार होते. मण्यार म्हटलं की हल्ली पुष्कळांना साप आठवतो. पण हा शब्द मुळात मण्यांचा. मणी करणारा, मणी विकणारा तो मणिकार, त्याचा झाला मणियार किंवा मण्यार. पुढे मण्यांच्या जोडीला काचेच्या बांगड्या आल्या, आणि महाराष्ट्रात गावोगावच्या मुसलमान मण्यारांचा तोच मुख्य धंदा झाला. कासार आणि मण्यार हे दोघे बायकांचे हात ओळखत. नाना हात नुसता पाहूनच माप सांगत. महालातल्या बुधवार बाजारात ते बसत, आणि सणासुदीला बांगड्यांचा जोजार घेऊन वाड्यावाड्यांतून फिरत.

त्या काळी एखाद्या घरंदाज बाईचा हात परक्या पुरुषानं धरणं म्हणजे केवढी गोष्ट! पण बांगड्या भरताना मण्यारानं हात धरला तर कुणाला काही वाटत नसे. बांगड्या भरून झाल्या की बाई पदर सावरून त्याला नमस्कार करी. नाना डोळे मिटून म्हणत, "जीती रहो बेटी." हा नमस्कार बांगडी भरणाऱ्याला करायची आपल्याकडे रीतच होती. करणारी कोण, घेणारा कोण, हा प्रश्न त्या उंबऱ्यावर तेवढ्यापुरता थांबत असे. तो कायमचा मिटला होता असं मी म्हणणार नाही. पुढे त्याबद्दल सांगायचंच आहे.

बांगड्या भरताना काही पिचायच्याच. आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. या वाढवलेल्या बांगड्यांचे तुकडे ही आम्हा मुलींची इस्टेट. नाना संध्याकाळी परतले की त्यांच्या पिशवीच्या तळाशी मूठभर तुकडे असत. हिरवे, लाल, शाईसारखे निळे, आणि क्वचित एखादा सोनेरी नक्षीचा. त्यांचा आम्ही काचापाणीचा डाव मांडत असू. तुकडे जमिनीवर पसरायचे आणि दुसऱ्याला धक्का न लावता एकेक उचलायचा. दुपारची शाळा बुडाली तरी चालेल, पण हात हलता कामा नये.

खेळून कंटाळा आला की अम्मी रॉकेलची चिमणी पेटवी. काचेचा तुकडा चिमट्यात धरून ज्योतीवर धरला की हळूहळू मऊ होतो. तो वाकवायचा, त्याची कडी करायची, आणि ती मिटण्याआधी दुसरी कडी तिच्यात अडकवायची. अशी हिरव्या-लाल कड्यांची साखळी तयार होई. कुणाच्या दारावर तिचं तोरण होई, आमच्या गळ्यात हार होई. बोटं भाजत. अम्मी फुंकर घाली आणि म्हणे, "दागिन्याला थोडं भाजावंच लागतं."

बाकीचा माल फुकट मिळायचा. नागपुरात हिवाळा म्हणजे संत्री. संत्र्याची साल एकमेकांच्या डोळ्यांत पिळून झाली की तिचे गोल तुकडे कापून, दोऱ्यात ओवून उन्हात टाकायचे. दोन दिवसांत ते आक्रसून कडक होत आणि फुलांसारखे वळत. त्याचे कानातले. चिंचोके घासून त्यांची माळ. चॉकलेटच्या चांदीची अंगठी. शेजारच्या कोष्ट्यांच्या मागावरचे सुताचे रंगीत तुकडे घेऊन त्यांचे गोंडे. आणि सगळ्यात मोलाची गुंज. लालभडक अंगाची आणि एका टोकाला काजळाचा ठिपका दिल्यासारखी. तिची माळ नाना करू देत, पण बजावून सांगत, "तोंडात नाही घालायची. जहर आहे." ते खरंच आहे. गुंजेचं बी फोडून चावलं तर जीवावर बेतू शकतं.

हीच गुंज सोनाराच्या तराजूत बसली की तिचा मान बदलतो. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. म्हणजे तोळाभर सोनं तोलायला ९६ गुंजा. आम्ही गळ्यात ज्या बियांची माळ घालून उड्या मारत होतो, त्याच बियांनी या देशातलं सोनं शेकडो वर्षं तोललं गेलं. गल्लीतल्या सोनारकाकांनी मला हे सांगितलं तेव्हा मी माळेतल्या गुंजा मोजल्या होत्या. बेचाळीस भरल्या. म्हणजे अर्ध्या तोळ्याची मालकीण व्हायला सहा गुंजा कमी.

नागपूरकरांना दागिन्याच्या या खेळाचा वारसा किती जुना आहे, हे मला फार उशिरा कळलं. काटोल रस्त्यानं शहराबाहेर पंधराएक किलोमीटरवर माहुरझरी नावाचं गाव आहे. तिथं दगडांची मोठमोठी वर्तुळं आहेत. लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मृतांच्या दफनाच्या जागी ती रचली. १९७० ते ७२ या काळात शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली तिथं उत्खनन झालं. लोखंडाची हत्यारं मिळाली, तांब्याच्या वस्तू मिळाल्या, आणि मृतांबरोबर पुरलेल्या घोड्यांचे सांगाडे मिळाले. त्यातल्या घोड्याच्या तोंडावर तांब्याचे अलंकार होते.

याच माहुरझरीची दुसरी ओळख म्हणजे मणी. अकीक, स्फटिक आणि अशाच रंगीत दगडांचे मणी करणाऱ्या कारागिरांची ती वस्ती होती. दगड फोडायचा, घासून आकार द्यायचा, बारीक भोक पाडायचं आणि चकाकी येईपर्यंत घोटायचं. अकीकाला लाली चढावी म्हणून तो भाजायचा. अर्धवट राहिलेले मणीही तिथं सापडतात. नाना बोटात अकीकाची अंगठी घालत. आमच्यात अकीक बरकतीचा मानतात. अकीक हा शब्दही अरबी. पण हा दगड नागपूरच्या मातीला दोन हजार वर्षांहून जास्त काळ ठाऊक आहे, हे नानांना माहीत नव्हतं. मण्यार या शब्दाचं गाव त्यांच्या घरापासून सायकलच्या टप्प्यात होतं, आणि ते तिकडे कधी गेले नाहीत.

घोड्याला दागिने घालणारी ती माणसं मला मात्र अनोळखी वाटत नाहीत. आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं लाकडाचे बैल घेऊन निघतात. माझ्या धाकट्या भावाकडे वीतभर उंचीचा एक चाकांचा बैल होता. नाना त्याच्यासाठी उरलेल्या मण्यांची घुंगरमाळ करत, अम्मी जुन्या ब्लाउजच्या जरीची झूल शिवी, आणि शिंगांना आम्ही बेगड चिकटवत असू. भाऊ तो बैल ओढत गल्लीभर जाई आणि खिसा भरून बोजारा घेऊन येई. कुणाच्या बैलाला खरी चांदी आहे का, हे त्या दिवशी कुणी पाहत नसे. बैल सजलेला हवा, एवढंच.

बेगड हा शब्द तुम्ही ऐकला असेल. कथलाचा पातळ, चकचकीत पत्रा. त्यावरूनच आपण खोट्याला बेगडी म्हणतो. या शब्दावर माझा थोडा राग आहे. बेगडानं कधी आपण सोनं आहोत असं सांगितलं नाही. आपण त्याला सोन्याच्या जागी लावलं आणि वर त्यालाच खोटं ठरवलं.

आता खऱ्या सोन्याचं काय झालं तेही ऐका. याच शहरात भोसल्यांचा राजवाडा होता आणि त्यात पिढ्यान् पिढ्यांचं जडजवाहीर होतं. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले. त्यांना मुलगा नव्हता. लॉर्ड डलहौसीनं १८५४ साली राज्य खालसा केलं आणि राजघराण्याच्या खासगी दौलतीवरही कंपनी सरकारचा हात पडला. हत्ती, घोडे आणि बैल सीताबर्डीवर लिलावात मातीमोलानं गेले. म्हाताऱ्या बांकाबाईंनी सांगितलं, वाड्यातलं सामान हलवाल तर मी वाड्याला आग लावीन. तरी सामान हललं. दागिने कलकत्त्याला रवाना झाले आणि तिथल्या बाजारात विकले गेले. कोणता हार कुणाच्या गळ्यात गेला, कोणता मोडून वितळवला गेला, कोण सांगणार? राजाचं सोनं आणि माझ्या आईची हसली यांची गत अखेर एकच झाली. दोन्ही दुसऱ्याच्या तराजूत गेली.

ही झाली लूट. पण आपल्या मराठीत लुटणं या शब्दाला दुसराही अर्थ आहे, आणि तो मला फार आवडतो. मी उर्दू घरात शिकले आणि मराठी गल्लीत. कविता मराठीत लिहू लागले त्याला असे शब्दही कारण आहेत. दसऱ्याला आपण सोनं लुटतो. म्हणजे आपट्याचं पान दुसऱ्याच्या हातावर ठेवतो. संक्रांतीला बायका वाण लुटतात, म्हणजे घरची वस्तू दुसरीच्या ओटीत घालतात. घेण्याला लुटणं म्हणतात हे सगळ्या जगात आहे. देण्याला लुटणं म्हणणारी ही आपली भाषा.

लुटायच्या या सणांपैकी संक्रांतीनं आमच्या घराला कसा हात दिला, तेच आज मला खरं सांगायचं आहे.

आमची गल्ली इतवारीच्या बाजूला होती. मोमीन, कोष्टी, तेली, सोनार सगळे भिंतीला भिंत लावून राहत. आमच्या डाव्या हाताला सोनारकाका आणि काकू. काका हातानं फार चांगले होते. पण जानेवारी १९६३ मध्ये, चीनच्या युद्धानंतर, केंद्र सरकारनं सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले. मोरारजी देसाई तेव्हा अर्थमंत्री होते. १४ कॅरटपेक्षा जास्त शुद्धतेचा नवा दागिना घडवायला मनाई झाली. लोकांना १४ कॅरटचं सोनं नकोच होतं. देशभर सोनारांच्या भट्ट्या थंड पडल्या. कारागीर मिळेल त्या कामाला लागले, काहींनी जीव दिला. १४ कॅरटची अट १९६६ मध्ये उठली, पण १९६८ साली पुन्हा कायदा आला आणि तो १९९० पर्यंत राहिला. काकांची भट्टी पुन्हा पूर्वीसारखी पेटली नाही. ते दुसऱ्याच्या दुकानात हिशेबाला बसू लागले.

काकूंनी तेव्हा हलव्याचे दागिने सुरू केले. पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला हे दागिने घालतात. जावयाला हलव्याचा हार आणि नारळ देतात. लहान मुलाला बोरन्हाणाला मुकुट, बासरी, बाजूबंद घालतात, आणि त्याच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे ओततात. आजूबाजूची पोरं ते लुटतात. दागिने मग खाऊनच संपवायचे.

हलवा करणं सोपं नाही. शेगडीवर मंद निखारे, त्यावर परात, परातीत तीळ किंवा खसखस किंवा साबुदाणा. साखरेचा पाक चमच्याचमच्यानं सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायचं. पाक सुकला की पुन्हा थोडा. घाई केली तर गोळा होतो, निखारा भडकला तर साखर पिवळी पडते. दोन-तीन दिवस बसलं की दाण्यावर बारीक काटे उभे राहतात. त्याला हवा कोरडी आणि थंड लागते. नागपूरचा जानेवारी त्यासाठीच केलेला असावा. दमट हवेत काटा येत नाही, आला तरी टिकत नाही.

काकूंचा हलवा पांढराशुभ्र यायचा. आणि त्यांच्या दागिन्यांची कीर्ती होती ती काकांमुळे. संध्याकाळी कामावरून आले की काका पुठ्ठ्यावर नमुने कापत. चिंचपेटी, तन्मणी, नथ, कमरपट्टा. जे आकार सोन्यात घडवायला त्यांना बंदी झाली होती, ते सगळे त्यांनी पुठ्ठ्यात आणि काळ्या कापडात कापले. मापात गुंजेचाही फरक नसे.

माझे अब्बा आजारी पडले ते १९७७ साल असेल. हसली आणि तोडे त्याच वर्षी गेले. काकूंनी ते पाहिलं असणार, कारण आमच्या गल्लीत बाईचा गळा रिकामा झाला की शेजारणीला आधी दिसे. त्या काही बोलल्या नाहीत. डिसेंबरात एका दुपारी परातभर हलवा आणि दोऱ्याचं रीळ घेऊन आमच्याकडे आल्या आणि अम्मीला म्हणाल्या, "आपा, माझे डोळे आता चालत नाहीत. तुमच्या बोटात मण्याराची कला आहे. माळा तुम्ही गाठवा. नगामागे पैसे घ्या."

काकूंचे डोळे पुढे वीस वर्षं उत्तम होते. त्या चष्म्याशिवाय पंचांग वाचत.

हलव्याच्या दाण्याला भोक पाडता येत नाही, तो फुटतो. प्रत्येक दाणा दोऱ्याच्या फासात धरून गाठ मारावी लागते. फास सैल पडला तर दाणा निसटतो, आवळला तर काटे झडतात. अम्मी ही गाठ तिच्या वडिलांकडून शिकली होती, मण्यांसाठी. तिनं ती साखरेला लावली. रात्री आम्ही झोपलो की कंदिलाच्या उजेडात ती बसे. तिचे हात कोरडे राहावेत म्हणून शेजारी राखेची वाटी असे. सकाळी उठून पाहावं तर काळ्या कापडावर पांढऱ्या चांदण्यांचे हार मांडलेले. भावाला आणि मला हात लावायची मनाई होती. तुटके, काटे झडलेले दाणे मात्र आमचे.

दोन वर्षं हे छान चाललं. कुणी विचारलं तर काकू सांगत, "घरीच केलेत." ते खोटं नव्हतं आणि पुरतं खरंही नव्हतं. तिसऱ्या वर्षी एका चांगल्या घरातून नव्या सुनेसाठी पूर्ण साजाची ऑर्डर आली. अम्मीनं आठ रात्री जागून तो केला. साज गेला आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी डबा परत आला. कुणीतरी त्या घरी सांगितलं होतं की हे दागिने कुणाच्या हातचे आहेत. डबा घेऊन आलेला गडी काकूंच्या ओट्यावर तो ठेवून, पैसे परत न मागताच निघून गेला. पैसे सोडले होते, साज नको होता.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. मला एवढंच कळलं की मोठी माणसं गप्प झाली आहेत. काकू डबा घेऊन आमच्या घरात आल्या. अम्मी चुलीपाशी होती. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग अम्मीनं हात पुसले, डबा उघडला आणि मला हाक मारली. तिनं मला तो अख्खा साज घातला. कपाळावर बिंदी, गळ्यात तन्मणी आणि तीन पदरी हार, दंडाला बाजूबंद, कमरेला पट्टा. पट्टा दोनदा गुंडाळावा लागला. काकूंनी स्वतःच्या हातानं नथ लावली. मी आरशात पाहिलं आणि मला वाटलं, आज ईद आहे. संध्याकाळी गल्लीतली सगळी पोट्टी जमली आणि माझ्या अंगावरचा एकेक दागिना लुटून खाल्ला. हसून हसून माझं पोट दुखलं. अम्मी भिंतीला टेकून पाहत होती. ती रडत होती, ते मला आठवतं. पण मी तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही.

आज लावते तेव्हा काही शब्द आठवतात. हलवा हा शब्द अरबी, गोड या अर्थाचा. जर फारसी, म्हणजे सोनं. बाजूबंदही फारसी. त्या घरानं डबा परत केला, पण हे शब्द त्यांना परत करता आले नाहीत. त्यांनी दुसरीकडून साज आणला असेल, तरी सुनेच्या दंडाला बाजूबंदच बांधला असेल. आणि हे एकाच बाजूचं नाही. आमच्याही नात्यातले काही जण अम्मीला म्हणाले होते, दुसऱ्यांच्या सणाचं सामान तू काऊन करतेस? अम्मी त्यांना म्हणाली, "माझी पोरं जेवतात त्यावर."

त्या वर्षापासून काकूंनी आपलं उत्तर बदललं. कुणी विचारायच्या आधीच त्या सांगू लागल्या, "हलवा माझा, नमुना यांचा, आणि गाठणी आमच्या शेजारच्या मण्याराच्या मुलीची. चालत असेल तर सांगा." पुढच्या संक्रांतीला चार ऑर्डरी कमी आल्या. त्यानंतरच्या वर्षी त्यातल्या तीन परत आल्या. लोकांची मनं बदलली असं मी म्हणत नाही. तसा साज दुसरीकडे मिळत नव्हता, हेही कारण असेल. पण माझी शाळेची फी, आणि पुढे बी. ए.च्या पहिल्या वर्षाची पुस्तकं त्या गाठींतून आली.

हे सगळं ऐकून माझी मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिनं मला तिच्या अभ्यासातली एक गोष्ट सांगितली. अलेक्झांडर काल्डर नावाचा एक अमेरिकन शिल्पकार होता, १८९८ साली जन्मलेला. अधांतरी हलणारी तारेची शिल्पं करणारा म्हणून तो जगभर गाजला. लहानपणी तो रस्त्यात पडलेले तांब्याच्या तारेचे तुकडे गोळा करून बहिणीच्या बाहुल्यांसाठी दागिने करी. मोठा झाल्यावरही त्यानं ते सोडलं नाही. तार वाकवून, ठोकून, कधी काचेचा किंवा फुटक्या भांड्याचा तुकडा बांधून त्यानं आयुष्यात सुमारे १८०० दागिने केले. १९५५ साली तो अहमदाबादेत साराभाई कुटुंबाकडे येऊन राहिला होता आणि तिथं त्यानं शिल्पंही घडवली. त्याचे ते तारेचे दागिने आता संग्रहालयांत काचेआड आहेत.

मला त्या काल्डरचा हेवा वाटला नाही, पण नानांची आठवण आली. चिमणीवर वाकवलेली काचेची कडी आणि बाहुलीच्या गळ्यातली तार यांत मला फरक दिसला नाही. फरक नंतर पडला. एकाच्या खेळाची नोंद झाली. आमच्याकडे ज्यांनी हा खेळ पिढ्यान् पिढ्या जपला, त्या बायकांची नावं कुठं लिहिली गेली नाहीत. त्यांचं काम दरवर्षी खाल्लं गेलं, वाढवलं गेलं, निर्माल्यात गेलं. पण ते दरवर्षी नव्यानं करावं लागलं, म्हणूनच हात ते विसरले नाहीत. भोसल्यांचे हार घडवणाऱ्यांची कला हारांबरोबर कलकत्त्याला गेली असती, तर काकांच्या कात्रीत ती कुठून आली असती? विकला जातो तो दागिना. करण्याची रीत कुणाला गहाण टाकता येत नाही.

मुलीची माळ महिनाभरात झाली. तिच्यात काचेच्या वाकवलेल्या कड्या आहेत, संत्र्याच्या वाळक्या सालीची फुलं आहेत आणि मधोमध लाकडाचा एक चिमुकला बैल आहे. गुंज नाही. ती मीच घालू दिली नाही, लहान मुलांच्या हाती लागायला नको म्हणून. तिच्याऐवजी तिनं लाल मण्यांना काळा ठिपका दिला. गाठ मात्र अम्मीची आहे. ती मला येते हे मलाच ठाऊक नव्हतं. दोरा हातात घेतला आणि बोटांनी आपोआप मारली.

या जानेवारीत सोनारकाकूंच्या नातीच्या मुलाचं बोरन्हाण होतं. काका-काकू दोघंही आता नाहीत, अम्मीही नाही. हलवा आता बहुतेक जण बाजारातून आणतात, तसाच तिनंही आणला. मुकुट आणि बाजूबंद माझ्या मुलीनं केले, काकूंच्या घरात राहिलेल्या पुठ्ठ्याच्या जुन्या नमुन्यांवरून. पोरानं मुकुट डोक्यावर ठेवूच दिला नाही. आधी त्यातला एक दाणा ओढून तोंडात टाकला. बायका हसल्या. एका पाहुणीनं विचारलं, "किती सुबक आहे गं, कुणी केला?" काकूंच्या नातीनं माझ्या मुलीकडे बोट दाखवलं आणि तिचं नाव सांगितलं, पूर्ण, आडनावासकट.

पाहुणीनं पर्समधून फोन काढला आणि विचारलं, "पुढच्या वर्षी माझ्या सुनेसाठी करशील का?"

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)